मूक पडद्यावरचा घोडेस्वार

काउबॉय म्हटला की डोळ्यांपुढे धूळ उडवीत येणारा घोडा, रुंद काठांची टोपी आणि कमरेची दोन पिस्तुले उभी राहतात. हे चित्र ज्यांनी मूकपटांच्या काळात रंगविले, त्यांत विल्यम एस. हार्ट याचे नाव फार वरचे. गंमत अशी की, हा गृहस्थ पडद्यावर नावारूपाला आला तेव्हा पन्नाशीला टेकला होता!

त्याचा जन्म १८६४ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग गावचा. बालपणीची काही वर्षे वडिलांच्या पाठोपाठ पश्चिमेकडच्या मुलखात गेली. पुढे तो नट झाला. शेक्सपिअरची नाटके केली; १८९९ साली 'बेन हर' नाटकात मेसाला रंगविला. आवाज कमावलेला, उच्चार स्वच्छ. अशात काउबॉयचा एक मूकपट पाहून तो अस्वस्थ झाला. आपण पाहिलेला पश्चिमेचा मुलूख असा खोटा नव्हता! १९१४ साली तो कॅलिफोर्नियात टॉमस इन्स या जुन्या परिचिताकडे गेला.

हार्टचे कपडे धुळीने माखलेले, चेहरा दगडी, आणि नायक बहुधा मुळचा गुन्हेगार. 'हेल्स हिंजेस' (१९१६) मध्ये तो गावातल्या धर्मोपदेशकाला हुसकावून लावायला येतो, पण त्याच्या बहिणीला पाहून पालटतो आणि शेवटी त्या पापी गावालाच आग लावतो. फ्रिट्झ नावाचा त्याचा ठिपकेदार घोडा तर मालकाइतकाच लोकप्रिय झाला.

पण प्रेक्षकांची आवड कुणासाठी थांबते? टॉम मिक्स आला. झगमगीत पोशाख, चपळ कसरती, हसरा चेहरा. लोकांना सत्यापेक्षा मौज हवी होती. हार्टने वाकायचे नाकारले. १९२५ साली 'टंबलवीड्स' हा भव्य चित्रपट काढला. १८९३ सालच्या जमिनीसाठीच्या शर्यतीत शेकडो घोडी-गाड्या धावतात, ते दृश्य आजही श्वास रोखून धरायला लावते. तरी तोच त्याचा शेवटचा नायक ठरला. वितरणात कंपनीने हयगय केली म्हणून त्याने दावा लावला, तो वर्षानुवर्षे चालला.

आणि मग १९३९ साल उजाडले. 'टंबलवीड्स' पुन्हा दाखवायचे ठरले, तेव्हा आरंभी काही मिनिटांचे भाषण जोडण्यात आले. पंचाहत्तरीला आलेला हार्ट काउबॉयच्या वेषात उभा राहिला आणि प्रेक्षकांशी बोलला. ज्या आवाजावर त्याने उमेदीची वर्षे खर्चिली, तो आवाज पडद्यावर त्याच्या चाहत्यांनी ऐकला तो निरोप घेतानाच! घोड्याच्या, त्या गेलेल्या दिवसांच्या आठवणी काढताना तो गहिवरला. फ्रिट्झ वर्षभरापूर्वीच गेला होता.

१९४६ साली हार्ट निवर्तला. न्यूहॉल येथील आपले घर व मळा तो जनतेला देऊन गेला. लोकांनी पै-पैसा खर्चून आपली चित्रे पाहिली, तेव्हा आपल्यामागे आपले घर त्यांचेच असावे, अशी त्याची भावना. तिथे आज संग्रहालय आहे, आणि त्याच मातीत फ्रिट्झही विसावला आहे.

दुसऱ्याच्या कौतुकाचा पैसा ज्याने असा परत फेडला, त्याला पडद्यावर सज्जन दिसण्यासाठी निराळा अभिनय थोडाच करावा लागला असेल?