पहिला मिररलेस कॅमेरा घेताय? यूट्यूबसाठी व्हिडिओ करणाऱ्यांनी एवढं माहीत असू द्या

मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ बनवला, तेव्हा हाताशी एक साधा व्हिडिओ कॅमेरा होता आणि यंत्रमागावर राबणारी मित्रमंडळी होती. पुढे फैजा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटामुळे त्यांची धडपड जगाने पाहिली. ट्रॉली नाही म्हणून सायकल, क्रेन नाही म्हणून बैलगाडी, असा तो सगळा कारभार होता.

आज तशी अडचण राहिलेली नाही. मोहल्ल्यातली मुलं स्थानिक बातम्यांचं चॅनल चालवतात, शिक्षिका दहावीचं गणित शिकवतात, कुणी नात आणि बयान रेकॉर्ड करतं, कुणी घरच्या स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकतं. सुरुवात मोबाईलवर होते, मग वर्षभरात प्रश्न येतो की आता कॅमेरा घ्यायचा का? आणि घ्यायचा तर कोणता? त्याचंच उत्तर इथे सविस्तर देत आहोत.

आधी ठरवा, गरज आहे का?

एक-दोन मिनिटांचे रील, भर उन्हातली बातमी, रस्त्यावरचा पटकन घेतलेला बाईट यासाठी चांगला मोबाईल पुरेसा आहे. कॅमेऱ्याचा खरा फायदा चार ठिकाणी होतो. कमी उजेड असेल तेव्हा, माणूस लांब असेल तेव्हा, मुलाखत किंवा तास मोठा असेल तेव्हा आणि आवाज नीट हवा असेल तेव्हा. तुमचं काम यात बसत नसेल, तर ते पैसे माईक आणि लाईटवर घाला. व्हिडिओ त्यानेच जास्त सुधारेल.

मिररलेस म्हणजे काय?

जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समागे आरसा असतो. तो प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे वळवतो. मिररलेसमध्ये हा आरसा नसतो. प्रकाश थेट सेन्सरवर पडतो आणि चित्र स्क्रीनवर दिसतं. त्यामुळे कॅमेरा लहान आणि हलका होतो, आणि व्हिडिओ चालू असतानाही फोकस चेहऱ्यावर टिकून राहतो. सुरुवातीच्या गटातल्या बहुतेक मिररलेसमध्ये एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. मोबाईलच्या सेन्सरपेक्षा तो कैक पटींनी मोठा असतो. संध्याकाळी इफ्तारच्या बाजारात मोबाईलचं चित्र दाणेदार होतं आणि कॅमेऱ्याचं स्वच्छ येतं, ते याचमुळे.

नेहमी चर्चेत असणारी मॉडेल्स

*सोनी झेडव्ही-ई१०.* २०२१ साली आलेला, खास व्हिडिओ करणाऱ्यांसाठी बनवलेला कॅमेरा. २४ मेगापिक्सेल, बाजूला उघडणारी स्क्रीन, माईकसोबत हेडफोनचंही छिद्र. वस्तू लेन्ससमोर धरली की फोकस लगेच तिच्यावर जातो, म्हणून रेसिपी किंवा दुकानाचा माल दाखवणाऱ्यांना सोयीचा. व्ह्यूफाइंडर नाही. बॅटरी छोटी आहे, प्रत्यक्ष कामात तास-सव्वा तास धरून चाला. ४के मध्ये कॅमेरा झटक्यात फिरवला की उभ्या रेषा तिरक्या दिसतात.

*कॅनन ईओएस आर५०.* २०२३ सालचा. २४ मेगापिक्सेल, व्ह्यूफाइंडर आहे आणि ४के चित्र कडा न कापता मिळतं. मेनू नवख्याला पटकन समजतो. माईक लावता येतो, पण हेडफोनचं छिद्र नाही. सलग चित्रीकरणाची मर्यादा साधारण एक तास.

*निकॉन झेड३०.* २०२२ सालचा, जवळपास २१ मेगापिक्सेल. पकड चांगली आणि सेटिंगनुसार १२५ मिनिटांपर्यंत सलग चित्रीकरण. यातही हेडफोनचं छिद्र आणि व्ह्यूफाइंडर नाही.

*कॅनन ईओएस एम५०.* २०१८ सालचा, आता जुन्या बाजारात मिळणारा. फुल एचडीमध्ये अजूनही उत्तम काम देतो. ४के मात्र नावापुरतं समजा, कारण त्यात चित्र बरंच कापलं जातं आणि फोकसही मंदावतो. एक क्लिप ३० मिनिटांच्या आत थांबते. याच्या ईएफ-एम लेन्सची मालिका कॅननने बंद केली आहे आणि या लेन्स पुढे आर५० सारख्या कॅमेऱ्याला बसत नाहीत. म्हणून एम५० घ्यायचा तर किट लेन्ससह घ्या आणि तिथेच थांबा, नवीन लेन्समध्ये पैसे अडकवू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. वरच्या चारही कॅमेऱ्यांच्या बॉडीत हादरे शोषणारी सेन्सरची यंत्रणा नाही. चालत चालत शूट केलं की चित्र हलणारच. सोनीमध्ये चित्र स्थिर ठेवणारा ‘अॅक्टिव्ह’ मोड आहे, पण तो चित्राच्या कडा कापतो आणि हातभर अंतरावर धरलेल्या कॅमेऱ्यात चेहराच सगळी फ्रेम व्यापतो. त्यापेक्षा ट्रायपॉडवर लावा, नाहीतर जागेवर उभं राहून शूट करा.

भारतात पहिली सेटिंग: पाल आणि १/५०

नवीन कॅमेऱ्यात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. घरात, मशिदीत किंवा वर्गात शूट केलं की चित्रात काळे पट्टे सरकताना दिसतात, ट्यूबलाईट लुकलुकते. लोकांना वाटतं कॅमेरा खराब निघाला. कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाईटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असेल तर त्याचा मेळ या उजेडाशी बसत नाही.

उपाय असा. मेनूत व्हिडिओ सिस्टीम ‘पाल’ करा, फ्रेम रेट २५ ठेवा आणि शटर १/५० वर पक्कं करा. सोनीमध्ये हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करावं लागू शकतं, म्हणून जुनं फुटेज आधी उतरवून घ्या. स्वस्तातले काही एलईडी दिवे तरीही लुकलुकतात. तिथे शटर १/१०० करून पाहा, नाहीतर तो दिवाच बंद करा.

भर उन्हात १/५० वर चित्र पांढरंफटक होतं. तेव्हा लेन्सवर एनडी फिल्टर लावतात, तो गॉगलसारखं काम करतो. फिल्टर नसेल तर शटर वाढवा. हालचाल थोडी तुटक दिसेल, पण बातमीच्या कामाला चालून जातं.

आवाज: इथेच व्हिडिओ जिंकतो किंवा हरतो

चित्र थोडं कमी-जास्त असलं तरी लोक पाहतात. आवाज घुमला की व्हिडिओ बंद करून पुढे जातात. मालेगाव, भिवंडीत शूट करणाऱ्याला हे सांगायला नको, कारण तिथे शेजारच्या गल्लीतले माग थांबतच नाहीत. कॅमेऱ्यातला माईक माणसाच्या आवाजाबरोबर तो खडखडाटही तितक्याच निष्ठेने टिपतो.

म्हणून कॉलरचा माईक घ्या आणि तो हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावा. ओढणी किंवा हिजाब असेल तर माईक कापडाच्या आत दडपू नका, घासण्याचा आवाज येतो. कडेला क्लिप लावा. कॅमेऱ्यातली आवाजाची पातळी आपोआपवर न ठेवता हाताने लावा. मोठ्याने बोलल्यावर काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास गेला पाहिजे. पंखा बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर. हेडफोन लावता येत नसेल तर आधी एक मिनिट रेकॉर्ड करून ऐका, मगच मुलाखत सुरू करा.

मध्येच अजान झाली तर कॅमेरा थांबवा. एकतर अदब म्हणून, आणि दुसरं म्हणजे अर्ध्या वाक्यात अजान असलेलं फुटेज नंतर कापता येत नाही. शूटची वेळ ठरवतानाच नमाजाचं वेळापत्रक पाहून घेतलं तर ही वेळच येत नाही.

लेन्स आणि लाईट

सोबत येणारी किट लेन्स सुरुवातीला पुरेशी आहे. ती रुंद चित्र देते आणि तिच्यात हादरे कमी करण्याची सोयही असते. फक्त कमी उजेडात ती कमी पडते. पुढची लेन्स घ्यायची झाली तर एफ १.८ च्या आसपासची घ्या. एफ ३.५ च्या तुलनेत ती जवळपास चौपट उजेड आत घेते.

पण त्याआधी खिडकी वापरा. बोलणाऱ्याला खिडकीकडे तोंड करून, जरा तिरकं बसवा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. रात्री शूट असेल तर एक एलईडी पॅनल पांढऱ्या कापडातून किंवा भिंतीवरून परतवून चेहऱ्यावर टाका.

कार्ड, बॅटरी, उष्णता

कार्डावर ‘व्ही३०’ लिहिलेलं पाहून घ्या. म्हणजे ते सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहू शकतं. १०० एमबीपीएसच्या ४के ला सेकंदाला साडेबारा एमबी लागतात. या हिशेबाने ६४ जीबी कार्डात साधारण ८० ते ८५ मिनिटं बसतात, ५० एमबीपीएसच्या फुल एचडीत त्याच्या दुप्पट. शिकवण्याचे आणि मुलाखतीचे व्हिडिओ लोक बहुधा मोबाईलवरच पाहतात, तिथे फुल एचडी अगदी छान दिसतं. फाईल लहान राहते आणि साध्या लॅपटॉपवर एडिटिंगही होतं.

बॅटऱ्या किमान दोन ठेवा. मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्यात ४के लावून कॅमेरा उन्हात ठेवला तर तो तापून बंद पडू शकतो. सावलीत ठेवा, स्क्रीन बॉडीपासून उघडी ठेवा. सोनीमध्ये तापमानामुळे बंद होण्याची मर्यादा ‘हाय’ करता येते. कोकणात उलट त्रास, दमटपणामुळे लेन्समध्ये बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत कॅमेरा ठेवा.

जुना घेताना

लेन्स उजेडासमोर धरून आत जाळीसारखी बुरशी आहे का पाहा. बॅटरी फुगलेली नसावी. माईक लावून रेकॉर्ड करून पाहा, कारण माईकचं छिद्र सैल झालेलं असतं आणि दुकानात ते कळतच नाही. बिलावरचा आणि बॉडीवरचा क्रमांक जुळतो ना, ते तपासा. परदेशातून आणलेल्या कॅमेऱ्याला भारतात कंपनीची वॉरंटी मिळेलच असं नाही.

व्याजाचा हप्ता नको असेल तर तीन-चार मित्रांनी किंवा एखाद्या मंडळाने मिळून एक कॅमेरा घेणं हा चांगला मार्ग आहे. आधी एक दिवस भाड्याने आणून वापरा, म्हणजे तो आपल्या कामाचा आहे का हे कळतं. आणि सगळे पैसे बॉडीत घालू नका. माईक, ट्रायपॉड, कार्ड आणि दुसरी बॅटरी यांचा खर्च धरूनच बजेट ठरवा.

परवानगी आणि अदब

मशिदीत किंवा दर्ग्यात शूट करण्याआधी ट्रस्टींना विचारा. बीप आणि फोकसचा लाल दिवा मेनूतून बंद करा. कॅमेरा सफेच्या बाजूला लावा, नमाजीच्या समोरून ये-जा करू नका. महिलांच्या कार्यक्रमात आणि मुलांचं शूट करताना आधी संमती घ्या. एखादी ताई चेहरा दाखवायला तयार नसेल तर हात, वही, फळा दाखवूनही तास उत्तम होतो. नात किंवा कव्वालीचं तयार रेकॉर्डिंग मागे वाजवू नका, यूट्यूबवर कॉपीराइटचा दावा येतो.

मूळ फुटेज पुसू नका

शेवटचा मुद्दा, पण सगळ्यात महत्त्वाचा. कॅमेऱ्यात तारीख-वेळ बरोबर लावा आणि मूळ फाईल दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. भाषणातलं एखादं वाक्य तोडून व्हॉट्सअॅपवर फिरवलं गेलं, तर खरं काय बोललं गेलं हे दाखवायला तुमच्याकडे पूर्ण, न कापलेलं चित्रीकरण असलं पाहिजे. नुसता खुलासा करून कुणी ऐकत नाही.

आणि कॅमेरा हातात आला की पहिलं काम घरापासून करा. मराठवाड्यात १९४८ ची पोलीस कारवाई ज्यांनी लहानपणी पाहिली, ती माणसं आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत. कोकणात बोटीवर आयुष्य काढलेले चाचा आहेत, त्यांच्या तोंडची बोली नातवंडांना येत नाही. हे सगळं आपल्याबद्दल दुसरं कुणी लिहिण्याची वाट पाहत बसलो, तर बोलणारेच राहणार नाहीत. दादीला खिडकीजवळ बसवा, माईक लावा, एक तास बोलू द्या. ४के नसलं तरी चालेल. आवाज मात्र स्वच्छ येऊ द्या.