आधी थांबायला शीक: कल्याणच्या शाळेतली ड्रायव्हर

आजचा भाग रेल्वेच्या इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या डोंबिवलीतल्या बिल्डिंगच्या पार्किंगमधून करते.

माझ्याकडे पाच वर्षांपासून लायसन्स आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री एक वाजता आजीला श्वास लागला. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आठवड्यापूर्वीच झालेलं. गाडी खाली उभी, चावी माझ्या हातात, आणि मी काय केलं? शेजारच्या काकांची बेल वाजवली. शर्टाची बटणं लावता लावता काकांनी सहज विचारलं, "अगं, तुला येते ना गाडी?" आजी दोन दिवसांत घरी आली. तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यातच राहिला.

क्लास मी रीतसर लावला होता. पहिल्याच दिवशी सरांनी मला थेट कल्याण-शीळ रोडवर नेलं, आणि मी चालवतेय म्हणून मी खूश! पंधराव्या दिवशी लक्षात आलं की सरांच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहेत आणि त्यांचे पाय कायम त्यांच्यावरच असतात. म्हणजे स्टिअरिंग माझं, पण गाडी थांबवत होते ते. त्या पंधरा दिवसांत मी स्वतः गाडी एकदाही थांबवली नव्हती.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये बातमी वाचली की सुरेखा यादव निवृत्त झाल्या. भारतातल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर, आशियातल्याही पहिल्या अशीच त्यांची ओळख. शेवटच्या ड्युटीला त्यांनी राजधानी एक्सप्रेस इगतपुरीहून सीएसएमटीला आणली. फोटो आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केले. पण मला त्यांच्या नोकरीतल्या तारखांनीच धरून ठेवलं.

सुरेखाताई सातारच्या, शेतकरी घरातल्या. कराडच्या सरकारी पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा. खरं तर त्यांना बीएड करून शिक्षिका व्हायचं होतं. रेल्वेचा फॉर्म भरला, निवड झाली आणि मध्य रेल्वेच्या कल्याणच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये सहा महिन्यांचं प्रशिक्षण झालं. १९८९ मध्ये त्या असिस्टंट ड्रायव्हर म्हणून रुजू झाल्या. पहिली गाडी कोणती? वाडीबंदर ते कल्याण मालगाडी. तीही चालवायला नाही, तर बाजूला बसायला.

आता 'बाजूला बसणं' म्हणजे माझ्या क्लासच्या उलट. असिस्टंट हा प्रवासी नसतो. निघण्याआधी इंजिन तपासायचं, समोरचा प्रत्येक सिग्नल मोठ्याने म्हणायचा. ड्रायव्हरही तोच सिग्नल पुन्हा म्हणतो. हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. लाल दिव्याशी थांबायची तयारी दोन पिवळ्यांपासूनच सुरू होते, कारण भरलेली मालगाडी ब्रेक लावला म्हणून जागच्या जागी थांबत नाही. थांबण्याचा विचार आधी, फार आधी करावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. रेल्वेत परीक्षा पास झाली म्हणून कुठल्याही मार्गावर गाडी नेता येत नाही. त्या मार्गावर आधी शिकाऊ फेऱ्या मारायच्या, दिवसा आणि रात्रीही. सिग्नल कुठे, चढ कुठे, वळणामागे काय, हे सगळं ओळखीचं झालं की 'मला हा मार्ग माहीत आहे' अशी सही करायची. ठरावीक काळ त्या मार्गावर गेलं नाही, तर पुन्हा शिकायचं. लायसन्स पाच वर्षं पाकिटात ठेवून मिरवणाऱ्या माझ्यासारखीला हे वाचून जरा लागलंच.

पुढच्या तारखा बघा. नव्वदचं दशक संपता संपता त्या मालगाडीच्या स्वतंत्र ड्रायव्हर झाल्या. २००० मध्ये लेडीज स्पेशल लोकल चालवली. २०१० मध्ये घाटातल्या गाड्यांचं प्रशिक्षण घेतलं. आणि ८ मार्च २०११ रोजी पुण्याहून सीएसटीला डेक्कन क्वीन आणली. बाजूच्या खुर्चीपासून डेक्कन क्वीनपर्यंत जवळजवळ बावीस वर्षं!

मला आधी वाटलं, ही सरकारी संथ गती. काही अंशी असेलही. पण प्रत्येक पायरीवर थांबण्याची वेगळी विद्या आहे. मालगाडीत लांबून थांबायचं. लोकलमध्ये दर तीन-चार मिनिटांनी, गर्दीने भरलेल्या फलाटावर, ठरलेल्या जागी. डोंबिवलीहून स्लो गाडीने ठाण्याला जाताना कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा असं मोजा, मोटरमनने किती वेळा गाडी अलगद उभी केली ते कळेल. त्यात हँडल दाबून धरायचं. मोटरमनचा हात सुटला तर गाडी स्वतःच ब्रेक लावते.

आणि मग घाट. कल्याण जंक्शनला रूळ फुटतात. एक फाटा कसारामार्गे थळ घाटात, दुसरा कर्जतमार्गे बोरघाटात. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंतचे ३४ किलोमीटर गाडी धावली, पुढच्याच वर्षी कल्याणला पोचली. पण बोरघाटाचा चढ पार करायला १८६३ उजाडलं. दोन्ही घाटांत चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. चढताना मागून ढकलायला जादा इंजिनं लावतात. आपल्याला वाटतं अवघड काम ते. पण ड्रायव्हरची खरी परीक्षा उतरताना असते. म्हणून तिथे कॅच साइडिंग आहे: मुख्य मार्गातून फुटून चढावर जाऊन संपणारा रूळ. काटा एरवी त्याच रुळाकडे लावलेला असतो. उतरणारी गाडी आधी थांबून दाखवते, ताब्यात आहे हे पटलं की मगच तिला मुख्य मार्ग मिळतो. थांबता येत नसेल तर पुढे जाऊच देत नाहीत!

डेक्कन क्वीन पुण्याहून मुंबईला येते तेव्हा बोरघाट उतरूनच येते. २०१० चं घाट-प्रशिक्षण आणि २०११ चा तो महिला दिन यांचा संबंध इथे लागतो.

ही शिडी सगळ्यांना सारखी होती असं मात्र म्हणवत नाही. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तिच्या पहिल्या पायरीवर एकही बाई नव्हती. आणि इंजिनात स्वच्छतागृह नसणं ही तक्रार महिला लोको पायलट आजही करतात. तासन्‌तास ड्युटी, आणि सोय नाही. सत्काराच्या फोटोत ते दिसत नाही.

१३ मार्च २०२३ रोजी सुरेखाताईंनी सोलापूरहून सीएसएमटीला वंदे भारत आणली. चौतीस वर्षांच्या नोकरीनंतरही नव्या गाडीचं प्रशिक्षण घेऊनच. मधल्या काळात कल्याणच्याच ड्रायव्हर ट्रेनिंग सेंटरमध्ये त्या शिकवायच्या. शिक्षिका व्हायचं होतं ना, झाल्याच.

तर मी काय केलं? पहिले चार दिवस पार्किंगमध्येच. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही, फक्त क्लच सोडायचा, दहा फूट जायचं, थांबायचं. वॉचमनकाका खुर्ची घेऊन बघायला बसायचे. मग रविवारी सकाळी सहाला एमआयडीसीतले रिकामे रस्ते. खडूने रेघ मारायची आणि पुढचं चाक तिच्यावर थांबवायचं. साध्य व्हायला तीन रविवार लागले. फडके रोडवर संध्याकाळी जायची हिंमत अजून नाही, खोटं कशाला सांगू.

ठाण्याच्या रस्त्यासाठी रेल्वेची युक्ती वापरली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसा गाडी बाबा चालवायचे, मी बाजूला बसून मोठ्याने बोलायचे: पुढे स्पीडब्रेकर, डावीकडे रिक्षा स्टँड, इथे ट्रक घुसतात. मोठागाव-माणकोली पूल, नाशिक हायवे, माजिवडा. अशा तीन फेऱ्या झाल्यावर जागा बदलल्या. आणि मग एक फेरी रात्रीची.

गेल्या महिन्यात आजीला ठाण्याला तपासणीसाठी नेलं. बाबा बाजूला, आजी मागे. सिग्नल पिवळा झाला तसं मी सवयीने मोठ्याने म्हटलं, "पिवळा." मागून आजी म्हणाली, "दिसतोय गं मला, थांब आता."

थांबवली.