जुन्या गोव्याचे पाणी आणि कोरगावच्या विहिरी

गोमंतकाच्या जुन्या राजधानीचा ऱ्हास कसा झाला, याची कारणे इतिहासकार अनेक देतात. डच आरमाराने व्यापार बुडविला, पोर्तुगालची सत्ता खालावली, धर्मसभेच्या जाचाने लोक परागंदा झाले. ही सर्व कारणे खरीच आहेत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक कारण होते आणि ते त्या नगरीच्या पायाखालीच दडलेले होते. ते म्हणजे तेथील जमिनीत मुरणारे पाणी.

मांडवीच्या दक्षिण तीरावरील हे बंदर आदिलशाहीतही भरभराटीचे होते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आल्बुकेर्कने ते कायमचे जिंकले आणि पुढील शंभर वर्षांत तेथे राजवाडे, चर्चे व बाजारपेठा उभ्या राहिल्या. वस्ती वाढली, पण त्या वस्तीचा मैला वाहून नेण्याची व्यवस्था कोणी केली नाही. घरोघर खड्डे खणले गेले आणि जवळच पाण्याची विहीर असे. भोवतालची भूमी जांभ्याची. जांभा हा सच्छिद्र दगड. त्यातील भेगांतून व पोकळ्यांतून पाणी झपाट्याने खाली उतरते. बारीक वाळूच्या थरातून जाताना पाणी जसे गाळले जाते, तसे येथे गाळले जात नाही. मृगाच्या पहिल्या सरीबरोबर खड्ड्यातील घाण विहिरीच्या झऱ्यांना जाऊन मिळे.

१५४३ साली या नगरीत पटकीची भयंकर साथ आली. तिला देशी लोक 'मोडशी' म्हणत. हाच शब्द पोर्तुगीजांनी उचलला, त्याचे 'मोर्देशी' झाले, आणि पुढे फ्रेंचांनी त्याचा विपर्यास करून 'कुत्र्याचे मरण' अशा अर्थाचा शब्द बनविला. आपल्या घरगुती बोलीतील एका शब्दाने युरोपच्या वैद्यकात शिरावे, ही अभिमानाची नव्हे, खेदाची गोष्ट आहे. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे सविस्तर वर्णन केले आहे.

१५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेला डच प्रवासी लिन्सखोटेन सांगतो की, पिण्याचे पाणी शहराबाहेरील बायंगिणीच्या झऱ्यावरून येई. गुलाम ते घड्यांत भरून आणीत व रस्त्यांतून विकीत. स्वयंपाक, धुणे इत्यादींसाठी मात्र विहिरींचेच पाणी वापरीत. म्हणजे ज्याच्या गाठी पैसा, त्याला झऱ्याचे पाणी; ज्याच्यापाशी तो नाही, त्याच्या नशिबी विहीर. पण साथ एकदा पसरली म्हणजे धनिकाच्या उंबरठ्यावरही ती थांबत नाही.

१६९५ साली विजरईने शहर सोडून पानेलीस मुक्काम हलविला आणि १७५९ साली पणजीस. अठराव्या शतकाच्या आरंभी सुमारे तीस हजारांची असलेली वस्ती १७७५ साली सोळाशेंवर आली. पोंबालच्या कारकीर्दीत शहर पुन्हा उभारण्याचा प्रयत्न झाला, परंतु कामावरचे मजूरच रोगाने मरू लागले आणि तो बेत सोडून द्यावा लागला. अखेर १८४३ साली पणजी अधिकृत राजधानी झाली. पटकी पाण्यातून पसरते हे लंडनमध्ये जॉन स्नो याने १८५४ साली एका सार्वजनिक पंपाच्या उदाहरणाने दाखवून दिले. तोपर्यंत जुने गोवे ओसाड होऊन गेले होते.

आता पेडणे महालाकडे वळू. हा महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला; त्यामुळे जुन्या काबिजादीतील उलथापालथ येथे झाली नाही. देवळे जागच्या जागी राहिली आणि देवळांभोवती पाण्याची जुनी रीत टिकली. सड्यावर पडणारा पाऊस जांभ्यात मुरावा, पायथ्याशी झरीच्या रूपाने निघावा, पाटाने कुळागरात जावा आणि शेवटी व्हाळाला मिळावा, हा तो क्रम. तीर्थाची तळी निराळी आणि पिण्याची विहीर निराळी, हा भेदही त्याच रीतीतला. अर्थात त्या रीतीचे गोडवे गाताना तिचा कलंक झाकून ठेवू नये. पाणवठ्यावर शिवाशिव होती. स्वच्छतेच्या नावाखाली माणसांनाच दूर लोटले जाई. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो याच कारणाने.

जी भूमी झरी देते, तीच घाणही वाहून नेते. आज पेडण्यात चांदेलच्या प्रकल्पातून नळाचे पाणी येते आणि त्याचा मोठा आधार तिळारीचे धरण हा आहे. कालवा फुटून तो पुरवठा खंडित झाल्याचे प्रसंग अलीकडे आपण पाहिले आहेत. अशा वेळी लोक पुन्हा विहिरीकडेच धाव घेतात. परंतु विहीर तोपर्यंत पिण्याजोगी राहिली असेल काय? डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याच्या पाठोपाठ वसाहती आणि अतिथिगृहे वाढत आहेत. टोंक येथील मैलाशुद्धी केंद्र पणजीचे आहे. आपल्या गावांत मात्र घरोघर शोषखड्डेच आहेत, आणि तेही जांभ्यात. भारतीय मानकांप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर हवा. भेगाळ खडकात त्याहूनही अधिक सावधगिरी हवी.

डिचोली महालात लईराई देवीच्या शिरगावात खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या आणि गावच्या विहिरी आटल्या, हेही आपल्या डोळ्यांसमोरचेच आहे. साळगावला २०१६ पासून कचऱ्याचा मोठा प्रकल्प चालू आहे, तथापि प्रकल्पापर्यंत पोहोचण्याआधी कचरा कोठे पडतो, हे गावकऱ्यांनीच पाहावयाचे असते. ज्या बायंगिणीचे नाव एके काळी गोड्या पाण्यासाठी घेतले जाई, ते अलीकडे कचरा प्रकल्पाच्या वादापायी वर्तमानपत्रांत येत राहिले. यावरून काळ किती पालटला, हे कळून येते.

श्रीदेव कमळेश्वराच्या कोरगावात आणि महालातील इतर देवस्थानांत महाजन व गावकरी यांची परंपरा अजून जिवंत आहे. त्यांनी मनावर घेतल्यास पावसाच्या आधी आणि पावसानंतर प्रत्येक विहिरीचे पाणी तपासून घेणे, नव्या घराचा खड्डा विहिरीपासून मोजून पाहणे, निर्माल्य तळीत न टाकता त्याचे खत करणे आणि जत्रेचा कचरा दुसऱ्या दिवसाच्या आत उचलणे, ही कामे अवघड नाहीत. यांतील एकाही कामासाठी सरकारी हुकमाची वाट पाहावी लागत नाही. जुन्या गोव्याजवळ संपत्ती होती, आरमार होते, छापखाना होता. विहिरीची काळजी वाहणारे कोणी नव्हते. आपल्याकडे ते आहेत. त्यांनी या वर्षीच्या सभेत हा विषय घ्यावा, एवढेच मागणे आहे.