चाक गेलं कुठे?

अंतराळस्थानक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजूनही चाक येतं. '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८च्या सिनेमातलं, संथ फिरणारं, पांढरं. प्रत्यक्षात आज वर आहे ते आंतरराष्ट्रीय स्थानक म्हणजे एकमेकांना जोडलेले डबे. मग चाक गेलं कुठे?

१९२८च्या अखेरीस बर्लिनमध्ये एक पुस्तक आलं. लेखक हर्मन पोटोचनिक, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातले अभियंता, क्षयामुळे नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी ३० मीटर व्यासाचं राहतं चाक रेखाटलं. ते ८ सेकंदांत एक फेरी घेणार आणि कडेच्या खोल्यांत जवळपास पृथ्वीइतकंच वजन जाणवणार. पाण्याची बादली गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही, तेच तत्त्व. पुढच्याच वर्षी, ३६व्या वर्षी, पोटोचनिक गेले.

१९५२मध्ये वेर्नर फॉन ब्राउन यांनी 'कोलियर्स' या अमेरिकी साप्ताहिकातून हे चाक घराघरांत पोचवलं. आता व्यास ७६ मीटर आणि माणसं ८०.

पण १९७१मध्ये खरोखर वर गेलं ते सोव्हिएत 'सॅल्यूत-१', एक नळकांडं. अल्माझ या लष्करी प्रकल्पाचा सांगाडा घेऊन त्यात सोयुझ यानाची यंत्रणा बसवलेली. रुंदी जेमतेम ४ मीटर, कारण ते रॉकेटच्या टोकावर मावायला हवं होतं. १९७३च्या अमेरिकी 'स्कायलॅब'साठी तर सॅटर्न रॉकेटच्या टप्प्याचंच घर केलं. शिवाय शास्त्रज्ञांना प्रयोगांसाठी वजनरहित अवस्थाच हवी होती. फिरत्या चाकात तीच हरवते.

मला यातला फरक असा दिसतो: पोटोचनिक यांनी आधी माणसाचं शरीर पाहिलं आणि त्याभोवती घर आखलं. नंतरच्यांनी आधी रॉकेट पाहिलं आणि शरीराला जुळवून घ्यायला लावलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चाकाची वाट बघत बसले असते तर कदाचित आजही वर कुणी राहत नसतं. पण किंमत शरीर मोजतं. वजन पेलणाऱ्या हाडांची घनता तिथे महिन्याला साधारण १ टक्क्याने घटते, म्हणून अंतराळवीर रोज दोनेक तास व्यायाम करतात.

सहा महिन्यांच्या मुक्कामात हे निभावतं. मंगळावर जाऊन यायला मात्र दोन-अडीच वर्षं लागतील. तेव्हा पोटोचनिक यांचं ते पुस्तक पुन्हा उघडावं लागेल, असं मला वाटतं.