संगणकाची सोय : एक पत्र आणि चार प्रणाली



संगणकाचा इतिहास सांगावयाचा म्हटलें म्हणजे बहुधा यंत्राच्या वेगाचा आणि शक्तीचा हिशेब मांडला जातो. आज त्या हिशेबांत आपण शिरणार नाहीं. घरच्या मेजाशीं बसून ज्यांना नित्याचीं चार कामें उरकावयाचीं असतात, त्यांना कोणती कार्यप्रणाली सोयीची पडली आणि कां पडली, एवढाच प्रश्न घेऊं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती हीच. मनुष्य आणि यंत्र यांच्यामधली ही कारभारीण होय. आपला हुकूम ती ऐकते, यंत्राकडून काम करवून घेते आणि झालेलें काम आपल्यापुढें ठेवते. ती आपली भाषा बोलते, कीं तिची भाषा आपल्याला शिकावी लागते, यावर सोयीचा सारा प्रश्न अवलंबून आहे.

तुलनेसाठीं एकच माप धरूं. एक पत्र लिहावयाचें, नांव देऊन ठेवावयाचें, पुढें हवें तेव्हां शोधून काढावयाचें, आणि नको झालें म्हणजे टाकून द्यावयाचें.

अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६९ सालीं केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्स प्रणालीच्या कामास आरंभ केला. त्या वेळीं टंकयंत्रासारख्या टेलिटाइपवर आज्ञा लिहाव्या लागत. तें यंत्र मंद, म्हणून आज्ञाहि तोकड्या. प्रत करावयाची तर 'सीपी', टाकून द्यावयाचें तर 'आरएम'. जाणत्या माणसाला हा संक्षेप फार प्रिय, कारण अनेक कामें त्याला एका ओळींत गुंफतां येतात. पण 'आरएम' म्हटलें कीं, पत्र सामान्यतः मुकाट्यानें नाहींसें होई. तुमचा विचार पक्का आहे ना, असें विचारण्याची रीत तेथें नव्हती.

घरगुती यंत्रांकडे आलों तरी चित्र फारसें पालटत नाहीं. गॅरी किल्डॉल यांच्या १९७४ च्या सीपीएम प्रणालींत प्रत करतांना आधीं नवें ठिकाण आणि मग जुनें ठिकाण लिहावें लागे. 'मुंबईहून पुण्यास' न म्हणतां 'पुण्यास मुंबईहून' म्हणण्याचाच हा प्रकार. १९८१ च्या ऑगस्टमध्यें आय. बी. एम. चा वैयक्तिक संगणक बाजारांत आला आणि त्याच्याबरोबर मायक्रोसॉफ्टची डॉस प्रणाली आली. तिनें हा क्रम सरळ केला. परंतु पत्राच्या नांवाला आठ अक्षरें आणि त्यापुढें प्रकार दर्शविणारीं तीन अक्षरें, एवढीच जागा दिली. तीं अक्षरेंहि रोमन! वडिलांना दिवाळींत लिहिलेल्या पत्राला असें तुटक नांव द्यावें, आणि सहा महिन्यांनीं तें आपणांसच ओळखूं येऊं नये, हा नित्याचा अनुभव. सारा भार स्मरणावर. काय बोलावें हें पडदा सुचवीत नसे. आपण चुकलों, एवढेंच तो सांगे.

दुसरा मार्ग कॅलिफोर्नियांत निघाला. ९ डिसेंबर १९६८ रोजीं सॅन फ्रान्सिस्को येथें डग्लस एंजेलबार्ट यांनीं माउस नांवाचें साधन जाहीरपणें चालवून दाखविलें. पुढें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रांत १९७३ सालीं आल्टो हा संगणक तयार झाला, आणि १९८१ सालीं स्टार बाजारांत आला. त्यानें पडद्यालाच मेजाचें रूप दिलें. कागद, कागदांच्या पेट्या, यांचीं चित्रें समोर मांडलेलीं. हवें त्यावर बोट ठेवावें इतकेंच. जें आठवावें लागत होतें, तें आतां नुसतें ओळखलें म्हणजे पुरेसें झालें. मात्र एका स्टारची किंमत सुमारें १६,००० डॉलर होती.

ॲपल कंपनीनें तोच विचार १९८३ सालीं लिसा या यंत्रांत आणि २४ जानेवारी १९८४ रोजीं मॅकिंटॉशमध्यें आणला. लिसाची किंमत ९,९९५ डॉलर, तर मॅकिंटॉशची २,४९५. लिसाच्या वेळीं नवख्या लोकांना यंत्रापुढें बसवून पाहण्यांत आलें. संमतीच्या खुणेवर प्रथम 'डू इट', म्हणजे 'हें करा', असें लिहिलें होतें. कोणी तें 'डोल्ट' असें वाचलें. इंग्रजींत त्याचा अर्थ मूर्ख! तेव्हां तेथें 'ओके' आलें, असें त्या कामांतील मंडळींनीं पुढें सांगितलें आहे. सोय ही रचनाकाराच्या मनांत ठरत नाहीं, वापरणाराच्या डोळ्यांत ठरते, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

मॅकिंटॉशवर पत्राला लांब नांव देतां येई, आणि टाकून दिलेलें पत्र केराच्या टोपलींत जाई. टोपली रिकामी करीपर्यंत तें परत काढतां येई. परंतु याहि प्रणालींत विसंगति होती. यंत्रांतील फ्लॉपी तबकडी बाहेर काढण्यासाठीं तिचें चित्र त्याच टोपलींत टाकण्याची रीत होती. आपलें सारें लिखाण केरांत टाकण्याचें धैर्य नवख्याला कसें व्हावें? शिवाय लोकांनीं माउसच वापरावा म्हणून पहिल्या मॅकिंटॉशच्या कळफलकावर बाणांच्या कळाच ठेवल्या नव्हत्या. नवख्याची सोय पाहतांना सरावलेल्याची गैरसोय झाली.

मायक्रोसॉफ्टची विंडोज या मार्गावर सावकाश आली. १९८५ च्या पहिल्या आवृत्तींत पडद्यावरील खिडक्या एकीवर एक ठेवतां येत नसत. १९९० च्या तिसऱ्या आवृत्तीनें तिला लोकप्रियता दिली, आणि २४ ऑगस्ट १९९५ रोजीं आलेल्या विंडोज ९५ नें पत्राच्या नांवाला २५५ अक्षरांपर्यंत मोकळीक दिली. तींत 'स्टार्ट' नांवाची एक ठळक खूण कोपऱ्यांत होती. यंत्र बंद करण्यासाठींहि 'स्टार्ट'च दाबावें लागतें, अशी थट्टा त्या वेळीं झाली. तरीहि तिचें एक बळ विसरतां येत नाहीं. डॉसवरील पुष्कळशीं जुनीं कामें तिच्यावर चालत, आणि अडलें तर शेजाऱ्याला विचारतां येई, कारण त्याच्याकडेहि तीच प्रणाली असे. रचनेंतील सौंदर्य मॅकिंटॉशकडे अधिक असेल. पण शेजारधर्म हाहि सोयीचाच भाग आहे.

चवथी प्रणाली लिनक्स. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिचा गाभा प्रसिद्ध केला. युनिक्सच्या वळणाची ही प्रणाली कोणालाहि मोफत घेतां व सुधारतां येते. चित्रमय पडदा तिला १९९६ सालीं सुरू झालेल्या केडीई आणि १९९७ सालीं सुरू झालेल्या ग्नोम या उपक्रमांनीं दिला. आरंभीं मात्र छपाईचें यंत्र जोडणें, पडदा जुळविणें, हीं कामें वापरणाराच्या माथीं येत. २००४ सालीं निघालेल्या उबंटूनें हा भार पुष्कळ हलका केला.

येथवर आपलें पत्र इंग्रजींत होतें. तें मराठींत लिहावयाचें ठरवितांच मोजमापच बदलतें. १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें, कानपूरच्या आय. आय. टी. मध्यें आरंभिलेल्या कामाच्या आधारें, डॉसच्या यंत्रांत बसविण्याजोगें जिस्ट कार्ड पुढें आणलें आणि देवनागरी पडद्यावर उमटूं लागली. इन्स्क्रिप्ट कळफलकावर तर भारतीय लिप्यांतील एका ध्वनीला एकच कळ मिळाली. परंतु पुढें पुष्कळ वर्षें अनेक ठिकाणीं निराळीच युक्ति चालली. यंत्राच्या दृष्टीनें रोमन अक्षरें ठेवावयाचीं, आणि वर देवनागरीचा मुखवटा चढवावयाचा. तो टंक दुसऱ्याच्या संगणकावर नसला कीं, पत्राच्या जागीं रोमन चिन्हांचा कचरा दिसे. असें पत्र मराठी शब्दावरून शोधणें तर दुरापास्तच.

१९९१ च्या युनिकोडनें देवनागरी अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले, आणि पुढें प्रणालींनीं तें मूळांतच स्वीकारलें. तरीहि २००१ च्या विंडोज एक्सपींत आपली लिपि नीट उमटण्यासाठीं एका चौकोनांत खूण करून मूळ तबकडीवरून जादा सामग्री घालावी लागे. म्हणजे जी प्रणाली लंडनच्या गृहस्थाला पेटी उघडतांच सोपी होती, ती साताऱ्याच्या गृहस्थाला एका पायरीनें अवघड होती. लिनक्सवर स्वयंसेवकांनीं पडद्यावरील सूचनाहि मराठींत आणल्या. येथें कांहीं लोकांनीं सोय मागितली नाहीं. ती स्वतः घडविली.

तेव्हां कोणती प्रणाली सर्वांत सोपी, या प्रश्नाला एकच उत्तर नाहीं. शिकण्याचा भार कोणीं उचलावा, मनुष्यानें कीं यंत्रानें, हा निवाडा प्रत्येक प्रणालीनें केला आहे, आणि तो करतांना एक विशिष्ट मनुष्य डोळ्यांपुढें ठेवला आहे. युनिक्सपुढें तज्ज्ञ होता, मॅकिंटॉशपुढें नवखा, विंडोजपुढें जुनें काम चालू ठेवणारा. त्या मनुष्याच्या जागीं आपण आहों कीं नाहीं, हें पाहावयाचें असतें.

त्यासाठीं एक साधी कसोटी सुचवितों. नवा संगणक घेतांना 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' हे दोन शब्द त्यावर लिहावे. एकांत गुरु आहेत, दुसऱ्यांत स्वयंपाकी. दोन्ही वेगळे उमटले, पत्राच्या नांवांतहि बसले, आणि शोधतांना निरनिराळे सांपडले, म्हणजे प्रणाली रचतांना आपलाहि विचार झाला आहे, असें खुशाल समजावें.