तापीची दरड कोणी कापली?

नंदुरबार तालुक्यातल्या कोरीटमध्ये कुणाला बर्फाची गोष्ट सांगायला गेलं, तर आधी चेष्टाच होईल. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणारा हा मुलूख. तापीला हिमालयाच्या पाण्याचा थेंबही मिळत नाही. मुलताईपासून सुरतेजवळच्या समुद्रापर्यंत ती ७२४ किलोमीटर जाते ती पावसाच्या जिवावर. शेवटच्या हिमयुगात सातपुड्यावरही हिमनदी नव्हती. पण या खोऱ्यातली सगळ्यात ठसठशीत गोष्ट म्हणजे नदीकाठची उंच, उभी दरड आणि तिला फाडत शेतांत शिरलेल्या घळी. या दरडीचा वंशवृक्ष चाळला की त्यात कॅनडा आणि स्कँडिनेव्हियावरचा बर्फ सापडतो.

सुरुवात अर्थात दगडापासून. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा बेसॉल्ट झिजला आणि त्याचा गाळ तापी-पूर्णेच्या खचलेल्या पट्ट्यात साठत गेला. काही ठिकाणी तो शेकडो मीटर जाड आहे. नदीने कापलेल्या भागात त्याचे वरचे थर उघडे पडतात: पिवळट-तपकिरी माती, मधूनच वाळू आणि गोट्यांचे पट्टे, आणि जागोजागी चुनखडीचे खडे. शेतकऱ्याच्या फाळाला लागणारे हे खडे जुन्या हवामानाचे साक्षीदार आहेत. पाऊस कमी आणि ऊन फार असलं की मुरलेल्या पाण्यातला चुना धुऊन जात नाही, मातीतच गोठतो.

आता सुमारे २१ हजार वर्षं मागे जाऊ. उत्तर अमेरिकेवर तीन किलोमीटर जाडीचा बर्फ बसला होता. एवढं पाणी जमिनीवर अडकल्यामुळे जगातला समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. खंभातचं आखात कोरडं होतं आणि तापीला समुद्र गाठायला आजच्या मुखापासून आणखी दोनशेहून जास्त किलोमीटर पश्चिमेला जावं लागत होतं. समुद्र गार, आशियाची जमीन उन्हाळ्यात पुरेशी तापत नव्हती, त्यामुळे नैऋत्य मान्सून अशक्त झाला होता. खानदेश तेव्हा कसा होता याचा हाती धरता येईल असा पुरावा चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे आहे. पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये तिथे उत्खनन केलं आणि शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेला तुकडा मिळवला. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. शहामृग घनदाट रानात राहत नाही. त्याला उघडा, कोरडा, गवताळ माळ लागतो.

इथे एक कोडं आहे, आणि मला ते सगळ्या गोष्टीचा गाभा वाटतं. पाठ्यपुस्तक सांगतं की समुद्र खाली गेला की नदी तळ कापते, समुद्र वर आला की गाळ टाकते. दख्खनच्या आतल्या नद्यांनी नेमकं उलट केलं. समुद्र खाली असताना त्या भरत गेल्या, आणि समुद्र चढत असताना कापत गेल्या. डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी १९८७ मध्ये ‘नेचर’मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांचा हा हिशेब मांडला. समुद्र फार लांब होता, त्याची चढउतार इतक्या आत पोचतच नव्हती. खरा कारभारी पाऊस. मान्सून दुबळा असताना डोंगरावरून आलेला गाळ वाहून न्यायची ताकद नदीत नव्हती, म्हणून तिने तो वाटेतच टाकला. बर्फ वितळून पाऊस परतला तेव्हा पाणी वाढलं, उतारांवर झाडी धरल्याने गाळ कमी झाला, आणि रिकाम्या हाताचं पाणी आपलाच तळ खाऊ लागलं.

हा परतीचा प्रवास सरळ नव्हता. उत्तर अमेरिकेतल्या वितळत्या बर्फाचं गोडं पाणी उत्तर अटलांटिकमध्ये ओतलं गेलं, तिथले प्रवाह मंदावले, आणि सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी थंडी पुन्हा आली. त्या बाराशे वर्षांत आपला मान्सूनही मान टाकून बसला. त्यानंतर मात्र तो असा उठला की पुढची काही हजार वर्षं पाऊस आजच्याहून जोरदार होता. अरबी समुद्राच्या तळातल्या गाळात ही चढउतार नोंदलेली आहे.

दरडीचं सगळं श्रेय मान्सूनला देणं काहींना पटत नाही. तापीच्या पट्ट्यात मोठे भ्रंश आहेत, जमीन उचलली गेली म्हणून नदी खोल गेली, असं त्यांचं म्हणणं. ते खोडण्याची गरज नाही. पण उचल फक्त तापीकाठची कहाणी सांगते. तसाच कापलेला गाळ दख्खनच्या इतर खोऱ्यांतही आहे, म्हणून माझा कौल पावसाकडे झुकतो.

(महाराष्ट्रात खरा बर्फ हवा असेल, तर चंद्रपूरजवळच्या इरई गावी जावं. तिथे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनदीने खडकावर ओढलेले ओरखडे भूगर्भशास्त्र खात्याच्या लोकांनी १८७० च्या दशकातच पाहिले होते. तो बर्फ हटल्यावर वाढलेल्या दलदलीच्या रानांचा कोळसा आपण अजून जाळतो आहोत.)

नदी खोल गेल्यावर काठाच्या उंच जागा पुराच्या पाण्यापासून बऱ्याच सुटल्या. ब. कृ. थापर यांनी १९५४-५५ मध्ये खणलेलं, तापी-गोमाई संगमावरचं प्रकाशे आणि ज्याच्या नावाने ताम्रपाषाणयुगातली एक संस्कृती ओळखली जाते ते सावळदे, दोन्ही याच तापीच्या काठी वसली. सावळद्याची माणसं सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची, म्हणजे मान्सून पुन्हा ओसरू लागल्यानंतरची. काळ्या मातीतली ओल आणि काठाचा उंचवटा यांचा त्यांना आधार झाला असावा.

दरडीचं कापणं संपलेलं नाही. पावसाळ्यात घळींची तोंडं शेतात सरकतात, उन्हाळ्यात यंत्रं लावून त्या बुजवल्या जातात, आणि पुढच्या मोठ्या पावसात भराव निघून जातो. फरक पडला आहे तो पुढच्या मुक्कामात. सारंगखेडा आणि प्रकाशे इथल्या बॅरेजमध्ये आता पाणी अडतं, आणि १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या उकाई धरणाचा फुगवटा त्यांच्या खाली पसरला आहे. हिमयुगात नदीने इथे टाकलेला, बर्फ वितळल्यावर तिनेच उचलून खंभाताकडे धाडलेला हा गाळ आता बराचसा उकाईच्या तळाशी बसतो.