वर्गाची सवलत आणि जगाची परवानगी

शाळा-कॉलेजांत कॉपीराइटचा विषय निघतो तो बहुधा धाक घालण्यापुरता: हे चित्र घेऊ नका, ते गाणे लावू नका. कायद्याचा इतिहास मात्र विद्यार्थ्याच्या बाजूने बोलतो. इंग्लंडमध्ये 1710 साली अमलात आलेल्या पहिल्या कॉपीराइट कायद्याच्या नावातच विद्येला उत्तेजन देण्याचा हेतू होता. आपल्या 1957 च्या कायद्याने कलम 52 मध्ये शिकण्या-शिकवण्याला मोकळीक ठेवली. स्नेहसंमेलनात मुलांनी नाटक केले आणि समोर शिक्षक, विद्यार्थी, पालक आणि संस्थेशी संबंधित माणसेच असली, तर नाटककाराची परवानगी लागत नाही. या मोकळिकीची कसोटी लागली दिल्लीत. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले एक झेरॉक्सचे दुकान नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून विद्यार्थ्यांना देत असे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बलाढ्य प्रकाशकांनी 2012 मध्ये त्यावर दावा लावला. उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो फेटाळला. त्याच वर्षी खंडपीठानेही शिकवण्याला लागेल तेवढी नक्कल करण्याची मुभा मान्य केली आणि 2017 मध्ये प्रकाशकांनी माघार घेतली. विद्यार्थ्यांच्या हक्काचा हा मोठा विजय होता, आणि तो प्रत्येक वर्गात सांगितला गेला पाहिजे.

मग ऑनलाइन साहित्यासाठी परवानगी मागायला मुलांना शिकवायचे कशाला, असे कोणी विचारील. पण सवलत मिळाली ती वर्गाला आणि ठरावीक प्रेक्षकांना. तेच नाटक यूट्यूबवर चढले की प्रेक्षकांची मर्यादा उरत नाही आणि सवलतही उरत नाही. ‘साभार’ लिहिले की भागते, ही समजूत तर फारच पसरलेली आहे. श्रेय देणे आवश्यकच, पण त्याने परवानगी मिळत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 पासून आहेत. तिथे निर्मात्याने परवानगी आधीच दिलेली असते, अटी तेवढ्या वाचाव्या लागतात. मुदतही मुलांना मोजता यायला हवी. रवींद्रनाथांचे हक्क संपण्याची वेळ आली तेव्हा, 1992 च्या दुरुस्तीने, लेखकाच्या मृत्यूनंतरची 50 वर्षे 60 झाली. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, म्हणून ‘श्यामची आई’ 2011 पासून कोणीही ध्वनिमुद्रित करून नेटवर ठेवू शकतो. कुसुमाग्रज 1999 मध्ये गेले. त्यांच्या कवितांचे हक्क 2059 अखेरपर्यंत आहेत. मराठी भाषा गौरव दिनाला त्यांच्या कवितेचा व्हिडिओ शाळेला नेटवर टाकायचा असेल, तर हक्कधारकांना पाठवायचे पत्र मुलांकडूनच लिहून घ्यावे: कोणती कविता, कुठे ठेवणार, किती काळ, आणि त्यातून पैसे मिळणार की नाही.